नावेतून उतरल्यावर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असते. तो आढावा अध्यक्ष महोदयांनी नुकताच घेतला आहे, आणि तो माझ्यापेक्षा अधिक अधिकारवाणीने घेतला आहे. म्हणून मी आज एका लहानशा विषयावर बोलण्याची परवानगी घेते. तो विषय म्हणजे आपल्या शाळेची वार्षिक सहल.

विषय लहान असला तरी तो सहज सुचलेला नाही. मागच्या पालक-शिक्षक सभेत एका पालकांनी उभे राहून विचारले होते, "बाई, गंगरेलला जाऊन-येऊन मुलांचा निम्मा दिवस बसमध्ये जातो. नावेत ती बसतात जेमतेम अर्धा तास. त्यापेक्षा शहराजवळच्या एखाद्या वॉटर पार्कमध्ये का नेत नाही? दिवसभर पाण्यात खेळतील, खर्चही कमी येईल." सभेतील अनेकांनी माना डोलावल्या. प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी वेळ मारून नेली आणि "विचार करू" एवढेच म्हटले. आज त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे मनात आहे.

प्रथम माजी विद्यार्थ्यांसाठी थोडी उजळणी. पहिली ते चौथीच्या मुलांना आपण बूढा तालाबावर, म्हणजे आजच्या विवेकानंद सरोवरावर नेतो. स्वामी विवेकानंदांचे बालपणीचे सुमारे दोन वर्षांचे वास्तव्य, १८७७ ते १८७९ या काळात, याच रायपुरात झाले, हे त्या पाण्याकडे पाहत सांगितले की लहान मुलांना ते कायमचे लक्षात राहते. पाचवीपासून पुढच्या वर्गांची सहल मात्र दक्षिणेला, धमतरीच्या पुढे गंगरेलला जाते. आपल्यापैकी जे पहिल्या काही तुकड्यांतले आहेत, त्यांच्या वेळी हे धरण नव्हते. ते १९७८ मध्ये पूर्ण झाले. तुम्ही तेव्हा छोट्या गाडीने, १९०० साली सुरू झालेल्या त्या अरुंद रुळांवरच्या रेल्वेने, धमतरीला उतरत होता आणि पुढे रुद्रीच्या घाटावर डबे सोडत होता. ती गाडी आता इतिहासजमा झाली. पण 'धमतरीची सहल' हा शब्द आपल्या शाळेत टिकून राहिला.

आता माझी स्वतःची एक कबुली. या शाळेत रुजू झाल्यापासून मी कित्येक वेळा गंगरेलला मुलांना घेऊन गेले. प्रत्येक वेळी क्रम ठरलेला असे. बस थांबायची, मुले रांगेत उभी राहायची, लाइफ जॅकेट घालायची, नावेत बसायची, आरडाओरडा करायची, उतरायची, डबे खायची, आणि आम्ही परतीच्या वाटेला लागायचो. मुलांची डोकी मोजून ती बरोबर भरली की सहल यशस्वी झाली, असे मी मानत असे.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या सहलीत मी ज्या नावेत होते, त्या नावेत एका मुलीने पाण्यात हात घालून मला विचारले, "बाई, याच्या खाली काय आहे?" मी म्हणाले, "खूप खोल पाणी आहे, हात आत घे." तिचे समाधान झाले नाही. "पाण्याच्या खाली काय आहे?" मला उत्तर देता येईना. तेव्हा नाव चालवणारे गृहस्थ, जे तोवर एक अक्षर बोलले नव्हते, ते म्हणाले, "हमर बबा के गाँव रहिस, नोनी. अब पानी के भीतर हे."

नावेतला गोंगाट थांबला. मुलांना छत्तीसगढी चांगलीच कळते. एकाने विचारले, "मग बबा कुठे गेले?" त्यांनी काठाकडे बोट दाखवले. त्यांचे घराणे काठावरच्या एका गावात येऊन राहिले होते. आजोबांची शेती पाण्याखाली गेली, आणि त्याच पाण्यावर नातू नाव चालवत होता. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. एखाद्या पाहुण्याने घर कुठे म्हणून विचारावे आणि आपण सांगावे, तसे सांगितले.

मी एम.ए., बी.एड. शिकलेली बाई. धरणाला पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव आहे, ते मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री होते, हे मी मुलांना दरवर्षी सांगत असे. पण या जलाशयात पन्नासहून अधिक गावे बुडाली, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. परतताना बसमध्ये मुले गाण्याच्या भेंड्या खेळत होती आणि मी गप्प बसून होते. नावेतला अर्धा तास आपण दिला. काठावरचे सहा तास मात्र वाया घालवले, हे मला त्या दिवशी कळले.

त्या वर्षीपासून मी सहलीचा आराखडा बदलला. नाव तशीच ठेवली, वेळही तेवढाच ठेवला. बदलले ते काठावरचे काम. ते काम काय असते, हे पालकांपर्यंत नीट पोचले नाही, हा दोष माझा. म्हणून आज ते सविस्तर सांगते.

गंगरेलला पोचल्यावर मुले आधी नावेकडे जात नाहीत. ती धरणाच्या भिंतीकडे जातात. तिथे उभे राहून चौदा दरवाजे मोजायचे आणि वहीत नदीचा नकाशा काढायचा. महानदी याच धमतरी जिल्ह्यात, सिहावाच्या डोंगरात उगम पावते. ती बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी आहे. परंतु सुरुवातीला तिचा ओघ उत्तरेकडे असतो आणि पुढे शिवनाथला भेटल्यावर ती पूर्वेकडे वळते. नकाशा काढताना हे वळण बहुतेक मुले चुकवतात. चुकले की भूगोलाच्या सरांना विचारायचे आणि खोडून पुन्हा काढायचे.

मग दुसरा प्रश्न: हे पाणी जाते कुठे? मुलांची उत्तरे ठरलेली असतात, "शेतात." ते खरेच आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यालाही ते जाते. पण आणखी कुठे जाते, हे सांगितले की मुले चकित होतात. उन्हाळ्यात आपली खारून नदी आटू लागते, तेव्हा गंगरेलमधून कालव्याने सोडलेले पाणी तिच्यापर्यंत येते आणि रायपूरच्या नळांना पोचते. म्हणजे ज्या गृहस्थांच्या आजोबांचे गाव पाण्याखाली गेले, त्या पाण्यातला एखादा पेला आपण सकाळी घरून निघताना पिऊन आलेलो असतो. हे मी मुलांना सांगते ते त्यांना अपराधी वाटावे म्हणून नाही. धरण नसते तर दुष्काळी वर्षात या प्रदेशाची काय अवस्था झाली असती, हेही मी त्याच वेळी सांगते. पण ज्याचे घेतो त्याचे नाव ठाऊक असावे, एवढा संस्कार तरी शाळेने द्यायला हवा.

तिथून आम्ही अंगारमोती मातेच्या देवळात जातो. ही देवी मूळची चंवर या गावची. गाव जलाशयात जाणार हे ठरले तेव्हा लोकांनी देवीला सोबत आणले आणि धरणाच्या काठी तिची स्थापना केली. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिथे मडई भरते, गावोगावचे लोक आपापल्या देवांसह जमतात. पांगलेल्या माणसांना पुन्हा एकमेकांना भेटण्याचे ठिकाण देवीने दिले, असे तिथल्या एका वृद्ध बाईंनी आमच्या मुलांना सांगितले. घर हलवावे लागले तर माणूस सोबत काय नेतो, या विषयावर मुलांनी त्या वर्षी जे निबंध लिहिले, तसे निबंध मी इतक्या वर्षांत वाचले नव्हते. एका मुलाने लिहिले होते की आमच्या पणजोबांनी विदर्भातून येताना जाते आणले होते, आणि ते आजही आमच्या गच्चीवर पडलेले आहे. त्याने घरी जाऊन प्रथमच त्या जात्याची चौकशी केली होती.

यानंतर नाव. आता नावेत बसलेली मुले पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहतात, पण ओरडतात पूर्वीइतकीच. ओरडूही द्यावे, ते त्यांचे वय आहे. लाइफ जॅकेटची पट्टी शिक्षकाने स्वतः ओढून पाहायची, काठावर पाण्यात पाय सोडून कोणी बसायचे नाही आणि नाव थांबल्याशिवाय कोणी उठायचे नाही, या तीन नियमांत सवलत नाही.

दुपारचे डबे रुद्रीला. रुद्रेश्वर महादेवाच्या घाटावर सावलीत बसायचे. इथे एक सूचना मी दोन वर्षांपासून करते आहे: डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी असू द्या, पण धमतरीतून आणलेला चीला आणि फरा यांनाही जागा ठेवा. पंगतीत वाटून खाल्ले की भूगोलाचा तोही एक धडाच होतो.

रुद्रीला जेवून मुले बंधारा आणि तिथून निघणारा कालवा पाहतात. ब्रिटिश काळात, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, महानदीचे पाणी इथे अडवून कालव्यात वळवण्यात आले. आपण ज्याला कालवा म्हणतो त्याला इथे 'नहर' म्हणतात, आणि या नहरीच्या पाण्यावरूनच आपल्या भागातला एक मोठा लढा उभा राहिला. त्यासाठी आम्ही परतताना बस कंडेल गावाकडे वळवतो. पालकांच्या दृष्टीने वेळ वाढतो तो इथे, म्हणून या थांब्याविषयी थोडे अधिक बोलते.

१९२० साली सरकारला कंडेलच्या शेतकऱ्यांकडून नहरीच्या पाण्याचा दहा वर्षांचा करार करून हवा होता. शेतकऱ्यांनी हिशेब केला. एवढ्या पैशात गावाचे स्वतःचे तळे होईल, असे त्यांना दिसले आणि त्यांनी नकार दिला. मग ऐन पावसाळ्यात, शेते पाण्याने भरलेली असताना, गावाने नहरीचे पाणी चोरले असा आरोप ठेवून सबंध गावावर दंड बसवण्यात आला. गावाने दंड भरला नाही. गुरे जप्त झाली, बाजारोबाजारी लिलावाला नेली गेली. पण बोली लावायला कोणी पुढे येईना. बाबू छोटेलाल श्रीवास्तव, पंडित सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले हे या सत्याग्रहाचे पुढारी होते. पंडित सुंदरलाल शर्मांनी महात्मा गांधींना आमंत्रण दिले, आणि डिसेंबर १९२० मध्ये गांधीजी रायपूर-धमतरीला आले. त्यांच्या येण्यापूर्वीच सरकारने दंड मागे घेतला होता.

पुढे १९३० मध्ये, जिथे आपली मुले डबे सोडतात त्या रुद्रीच्याच परिसरात जंगल सत्याग्रह झाला. त्यात नारायणराव मेघावाले यांच्याबरोबर नत्थूजी जगताप हेही अग्रभागी होते. मेघावाले आणि जगताप ही नावे वाचली की आपल्या मुलांचे कान टवकारतात. "बाई, हे आपले लोक?" असा प्रश्न दरवर्षी येतो.

हा प्रश्न आला की मी लगेच उत्तर देत नाही. कारण हाच प्रश्न निराळ्या रूपात आपण मोठी माणसे मला विचारत असतो. "मराठी माध्यमात शिकून मूल इथे परके तर पडणार नाही ना?" प्रवेशाच्या काळात असा एकही आठवडा जात नाही की हा प्रश्न कोणी विचारला नाही. काही पालक तो विचारून मुलाचे नाव दुसरीकडे घालतात. त्यांना मी दोष देत नाही. काळजीपोटीच ते तसे करतात.

नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशात १७४१ मध्ये आली आणि १८५४ पर्यंत टिकली. त्यानंतर नोकरी, वकिली, रेल्वे, शिक्षण अशा निमित्ताने मराठी घराणी येत राहिली. सत्तेच्या आठवणी काढून या मातीत रुजता येत नाही, हे त्यांच्यातील जाणत्यांनी वेळीच ओळखले. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत, आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदी वाचकांपर्यंत नेले तेही त्यांनीच. मेघावाले आणि जगताप धमतरीच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. आपली भाषा घरात जपावी आणि शेजाऱ्याच्या पाण्याचा, जंगलाचा प्रश्न आपला मानावा, या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटली नाही. म्हणून "हे आपले लोक?" या प्रश्नावर मी मुलांना सांगते, "हो, आपले. आणि कंडेलचे शेतकरीही आपले. तेही तुम्हाला आपले म्हणतात का, हे तुमच्या वागण्यावर अवलंबून आहे."

वेळ उरला तर धमतरीत बिलाई मातेचे दर्शन होते. बिलाई म्हणजे मांजर, आणि देवीच्या नावामागची मांजरांची लोककथा तिथलीच कोणी आजीबाई आपल्या मुलांना रंगवून सांगते. एखाद्या राइस मिलच्या मालकांनी परवानगी दिली तर धानाचा तांदूळ होताना मुले पाहतात. ताटात रोज पडणाऱ्या भाताला टरफल असते, हे सातवीतल्या मुलांनाही कधी कधी नव्याने कळते.

नववी-दहावीसाठी एक वर्षाआड आणखी एक वाट आहे. ती मुरूमसिल्लीला जाते. सिलारी नदीवरचे ते धरण १९१४ ते १९२३ या काळात बांधले गेले. त्याला चौतीस सायफन आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की सायफनच्या वाकलेल्या नळीतून ते पलीकडे उतरू लागते, उतरता उतरता नळीतली हवा बाहेर खेचते, आणि मग पूर्ण भरलेली नळी पाण्याचा मोठा लोट आपोआप बाहेर फेकते. पातळी पुरेशी खाली गेली की नळीत हवा शिरते आणि विसर्ग थांबतो. दरवाजा उघडायला माणूस लागत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातील बादली आणि रबरी नळीची आकृती आठवा. ती आकृती जवळपास शंभर वर्षे एका नदीचे पाणी सांभाळताना पाहिली की परीक्षेसाठी पाठ करावी लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. वॉटर पार्क वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. आपण सर्वांनी सुटीत मुलांना तिथे जरूर न्यावे. पण तिथले पाणी कुठून आले, हे विचारायला तिथे कोणी नसते आणि उत्तर देणाराही नसतो. घरच्या लोकांना जे सहज जमणार नाही, ते शाळेच्या सहलीने करावे, एवढेच माझे म्हणणे आहे. म्हणून गंगरेलची सहल चालू ठेवावी आणि कंडेलचा थांबा वगळू नये, अशी माझी शाळा समितीला आणि आपल्याला हात जोडून विनंती आहे. माझ्या निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. माझ्यानंतर येणाऱ्या मुख्याध्यापकांनी सहलीचे ठिकाण बदलले तर माझी हरकत असणार नाही; पण नावेतून उतरल्यावर मुलांना थेट बसमध्ये बसवू नये, एवढे जपावे.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. तुमच्यापैकी काही जण जलसंसाधन विभागात आहेत, काहींच्या राइस मिल आहेत, काहींचे आजोळ धमतरी-कुरूदचे आहे. देणगीचे पाकीट तर आपण द्यालच. त्याबरोबर वर्षातून एक दिवस द्या. सहलीच्या दिवशी मुलांबरोबर त्या भिंतीवर उभे राहा आणि तुमच्या कामाविषयी सांगा. शिक्षकाने सांगितलेले मुले ऐकतात. पण ज्याने ते काम केले आहे त्याने सांगितले तर ती प्रश्न विचारतात.

पालकांना एवढेच सांगते, की सहलीहून आल्यावर "मजा आली का?" हे जरूर विचारा. त्यानंतर "कोणाला भेटलास?" हेही विचारा. आणि एखाद्या रविवारी घरच्यांसह गंगरेलला गेलात, तर नाव चालवणाऱ्या माणसाला त्याचे गाव विचारा. उतरल्यावर लगेच गाडी वळवू नका.